चार नंबरची डबी

सोमवार, ४ मार्च

जाऊबाई,

या आठवड्याचं खोकं सोबत आहे. नेहमीसारख्याच पांढऱ्या डब्या, वर फक्त आकडा. एक केसांना, दोन आणि तीन हातांना, चार चेहऱ्याला, पाच ओठांना, सहा टाचांना. सातवी डबी नाही, पुडी आहे. उशीखाली ठेवायची सुगंधी पुडी. तिच्यामुळे शांत झोप लागते असा बनवणाऱ्यांचा दावा आहे. तुम्हाला झोप लागली तर ताबडतोब कळवा, मी दहा मागवून घेते.

चारकडे जरा जास्त लक्ष द्या. संपादकबाईंनी तिच्यासाठी सदरात चौकट राखून ठेवली आहे. बनवणारे बरेच मोठे आहेत, पण नाव सांगणार नाही. नाव कळलं की हात खोटं बोलायला लागतो, हे तुमचंच वाक्य. 'आठवड्यातल्या आवडत्या सात' हे सदर मी हातात घेतलं तेव्हा तुम्हीच दोन अटी घातल्या होत्या, डबी कोरी हवी आणि निकाल कागदावर हवा. फोनवर माणूस 'छान आहे गं' म्हणून मोकळा होतो, असं तेव्हा म्हणाला होतात. दोन वर्षं झाली, त्या दोन अटींवर सदर उभं आहे.

एक गंमत. परवा आमच्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं सांगितलं, बायका दुकानात येऊन विचारतात, "हे जाऊबाईंच्या हातावर टिकलंय का?" लिहिते मी, रात्री डोळे मी फोडते, आणि नाव तुमच्या हाताचं! तो औषधवाला मला अजून 'दोन गोळ्या डोकेदुखीच्या' या नावानं ओळखतो.

गुरुवारी सकाळपर्यंत पत्र मिळायला हवं. शुक्रवारी अंक.

आईंना नमस्कार.

तुमची धाकटी


बुधवार, ६ मार्च

धाकटे,

एक: चिकट. धुतल्यावरही डोक्यावर कोणीतरी बसून राहिल्यासारखं वाटतं.

दोन: वास इतका की घरात चार पाहुणे येऊन गेल्यासारखं.

तीन: चांगलं. लवकर मुरतं. हे घे.

चार: रात्री लावलं, सकाळी पुसलं. आग नाही, चुरचुर नाही, खाज नाही. सकाळी त्वचा गुलाबी आणि तकतकीत दिसत होती.

पाच: गोड लागतं. ओठांवर टिकण्याआधी पोटात जातं.

सहा: ठीक. नवीन काही नाही.

सात: मला झोप लागली नाही. उशी मात्र गाढ झोपली होती. पुडी आता आईंच्या उशाखाली ठेवली आहे, त्यांना तरी लागू दे.

त्यांचं म्हणशील तर उजवी बाजू गेली त्याला या महिन्यात पंधरा महिने होतील. वाचा अजून नाही. पण डावा हात साऱ्या घराचा मुकादम झालाय. या आठवड्यात चार नंबरची डबी टेबलावरून दोनदा ढकलून दिली. दुसऱ्यांदा झाकण निघालं आणि फरशीभर मलम. मी म्हटलं, "आई, माझ्यावरचा राग डबीवर कशाला?" तर तोंड भिंतीकडे. व्यायाम करून घेणारी बाई येते ना, ती म्हणते या आजारात चिडचिड वाढते. वाढू दे बापडी. फरशी पुसून पुसून माझी कंबर मात्र बोलायला लागली आहे.

हे जहाजावरून मेअखेरीला उतरतील. तोवर मी, आई आणि भिंत.

थोरली


सोमवार, ११ मार्च

जाऊबाई,

कात्रण पाठवते आहे. चौकट पाहा, केवढी मोठी!

आता एक कबुली. चार नंबरच्या मूळ डबीबरोबर कागद होता. त्यात लिहिलं होतं, 'लावल्यावर पाच मिनिटांत धुऊन टाका.' मी तुम्हाला कळवलं नाही, कारण त्या कागदावर नाव होतं आणि आपला नियम. मग तुमचं पत्र आलं, रात्रभर ठेवलं, चुरचुर नाही! मी संपादकबाईंना म्हटलं, कंपनीचा कागद नेहमीच भित्रा असतो, जाऊबाईंचा हात भीत नाही. म्हणून छापलं, 'कागद काहीही म्हणो, रात्रभर राहू द्या, सकाळी गुलाबी तेज पाहा. जाऊबाईंच्या हातावर टिकली.' त्या हसल्या आणि म्हणाल्या, याला म्हणतात सदर.

आणि मोठी बातमी पुढे आहे. दोन वर्षांतल्या निवडक वस्तूंची पुस्तिका निघते आहे, 'जाऊबाईंची निवड'. चाळीस हजार प्रती, अंकाबरोबर घरोघर. मुखपृष्ठावर चार नंबर. बुधवारी सत्तावीस तारखेला छापायला जाते. या वेळी एका पानावर तुमच्या हाताचा फोटोही हवाय त्यांना. फक्त हात. नखं जरा नीट करून ठेवा.

नवीन खोकं सोबत आहे.

आईंना नमस्कार.

धाकटी


बुधवार, १३ मार्च

धाकटे,

पाच मिनिटं? आणि हे तू मला आत्ता सांगतेस?

नाव झाकायचं ठरलं होतं. लावायचं कसं हे झाकायचं कधी ठरलं? कागदावरचं नाव कापून टाकायचं आणि उरलेला कागद पाठवायचा, एवढं साधं सुचलं नाही?

पुस्तिकेत चार नंबर घालू नकोस. कारण विचारू नकोस. फोटोही नको. आईंचं करायला वेळ पुरत नाही, खोकं उघडलेलं नाही, तसंच परत पाठवते.

थोरली


सोमवार, १८ मार्च

जाऊबाई,

तुम्ही रागावलात हे कळलं. कागदाचं चुकलंच माझं. पण 'कारण विचारू नकोस' हे मी संपादकबाईंना कसं सांगू? त्यांचा प्रश्न सरळ आहे: चार नंबर जाऊबाईंच्या हातावर टिकली होती की नव्हती?

आणि आता तो प्रश्न माझाही आहे. शुक्रवारपासून सात पत्रं आली आहेत. सहा जणींची थोडीफार लाली आणि आग. सातवी पोस्टात काउंटरवर बसते. तिनं आपल्या भाषेत रात्रभर 'राहू दिलं'. डावा गाल सोलला गेलाय. ती लिहिते, 'मी काचेमागे बसते, पण काच आरपार दिसते. लोक तिकीट मागतात आणि गालाकडे बघतात. मला वाटलं होतं, जाऊबाईंना चाललं म्हणजे मला चालेल.' शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं मला.

काल मी स्वतः लावून पाहिलं, मनगटाच्या आतल्या बाजूला. मनात आकडे मोजत बसले. चाळीसपर्यंत पोचले नाही. नळाखाली हात धरून उभी राहिले आणि विचार केला, जाऊबाई रात्रभर कशा झोपल्या?

तुमची कातडी कसली आहे, जाऊबाई? मला खरं लिहा. हे शनिवारी तिकडे येत आहेत, आईंना भेटायला. त्यांच्याबरोबर चार ओळी सहीनिशी पाठवा. फोन तुम्ही उचलत नाही.

आईंना नमस्कार.

धाकटी


बुधवार, २० मार्च

धाकटे,

फोनच्या आवाजानं आई दचकतात, म्हणून तो बंद असतो. हे तुला मागच्या वर्षीच सांगितलं होतं.

माझ्या हातावर त्या डबीनं काही झालेलं नाही. हे शब्दाला शब्द खरं आहे. सही करून देते.

पोस्टातल्या बाईला लिही, घरगुती काही लावू नकोस, उन्हात जाऊ नकोस, आज डॉक्टर गाठ. आज म्हणजे आज.

भाऊजींना या शनिवारी पाठवू नकोस. पुढच्या महिन्यात येऊ देत. आईंचं अंग जरा बरं नाही, माणसं पाहिली की त्या अस्वस्थ होतात.

थोरली


शुक्रवार, २२ मार्च

जाऊबाई,

आई बऱ्या नाहीत म्हणून त्यांच्या मुलानं येऊ नये? हे वाक्य मी तीनदा वाचलं. ह्यांना दाखवलं.  हे उठले आणि बॅग भरायला लागले.

तेव्हा आता मीच बोलते. तुम्ही लावतच नव्हतात ना? डबी उघडायची, वास घ्यायचा, दोन विनोदी ओळी लिहायच्या आणि खोकं परत. 'माझ्या हातावर काही झालेलं नाही'. कसं होईल! हाताला लागलंच नसेल तर काय होणार!

पत्रं आता तेवीस झाली आहेत. मी रोज एकेक उघडते आणि प्रत्येक पत्रात तुमचा हात आहे. 'जाऊबाईंच्या हातावर', 'जाऊबाईंना चाललं', 'जाऊबाई खोटं सांगणार नाहीत'. मी या बायकांना दोन वर्षं सांगत आले की जाहिरातीवर विश्वास ठेवू नका, एका खऱ्या बाईच्या खऱ्या हातावर ठेवा. तो हात जर खोटा असेल तर मी जाहिरातवाल्यांपेक्षा वाईट. ते निदान पैसे घेऊन खोटं बोलतात आणि सगळ्यांना ते ठाऊक असतं.

बुधवारी पुस्तिका छापायला जाते. चाळीस हजार घरं. तुम्ही गप्प बसलात तर चार नंबर मुखपृष्ठावर जाईल, कारण संपादकबाईंच्या मते तेवीस पत्रं म्हणजे तेवीस नाजूक कातड्या.

या वेळी आईंना नमस्कार सांगा असं लिहीत नाही. तो हे स्वतःच करतील.

धाकटी


शनिवार, २३ मार्च, दुपार

धाकटे,

हे पत्र भाऊजींच्याच हाती देते आहे. ते आत आईंजवळ बसले आहेत. आल्या आल्या त्यांनी आईंचा उजवा हात हातात घेतला, नेहमी घेतात तसा, आणि बाही वर सरकवली. माझ्याकडे बघून एकच विचारलं, "वहिनी, हे काय?" मी म्हटलं, "चहा घ्या, मग सांगते." चहा तसाच आहे. आणि मी स्वयंपाकघरात ओट्यावर कागद ठेवून हे लिहिते आहे, कारण ते मला तोंडानं सांगता येणार नाही.

मी लावत होते. एकही डबी न लावता लिहिली नाही. पण नोव्हेंबरपासून माझ्या हातावर नाही. आईंच्या.

माझे हात तू शेवटचे कधी बघितलेस? आईंचं अंथरूण, भांडी, कपडे, दिवसातून वीस वेळा जंतुनाशकाच्या पाण्यात कोपरापर्यंत बुडतात ते. त्याआधी चौदा वर्षं हॉटेलच्या लाँड्रीत गेली, ती वेगळीच. हिवाळ्यात सांध्यासांध्याला चिरा पडल्या. साधं पाणी लागलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. त्या महिन्यात तू पाठवलेल्या एकवीस वस्तूंपैकी एकोणीस मला झोंबल्या. मी तसं लिहिलं. तर तुझं पत्र आलं, अजून माझ्याकडे आहे: 'जाऊबाई, हल्ली तुम्हाला काहीच आवडत नाही. संपादकबाई विचारतात, जाऊबाई कोणावर रागावल्या आहेत का?'

तू विचारलं नाहीस की सगळंच का झोंबतंय. तुला सात हव्या होत्या.

आणि मलाही ते खोकं हवं होतं गं. आठवड्यातून एकदा दाराची घंटा वाजायची आणि दारात औषधवाला नाही, दवाखान्याचा माणूस नाही, माझ्या नावाचं पार्सल असायचं. मला कोणीतरी काहीतरी विचारायचं. माझं मत छापून यायचं. या घरात माझं मत भिंत ऐकते. ते बंद पडेल या भीतीनं मी दुसरा हात शोधला.

आईंचा उजवा हात समोरच होता. गोरा, मऊ, एकही ओरखडा नाही, आणि हलत नाही. डाव्या हातावर लावलं असतं तर त्यांनी पुसून टाकलं असतं. उजव्यावर कापसाच्या बोळ्यानं लावलं की जागच्या जागी राहायचं. मला वाटलं, केवढी सोय! आणि लावताना त्या डोळे मिटून घ्यायच्या. पुसणं, उचलणं, कूस बदलणं याखेरीज त्यांना कोणी हात लावत नाही. मला वाटलं, त्यांनाही बरं वाटतंय. कदाचित वाटतही असेल. मला आता कशाचीच खात्री नाही.

पण त्या हाताला काही कळत नाही, धाकटे. पंधरा महिने कळत नाही. डॉक्टरांनी माझ्यासमोर टाचणी टोचून दाखवली होती. मी बघितली होती. आणि तरी पाच महिने मी त्या हाताला विचारत होते, 'चुरचुरतंय का?' आणि तो नाही म्हणत होता म्हणून 'चुरचुर नाही' असं लिहीत होते. साबण, साय, तेल चालून गेलं, कारण ती निरुपद्रवी होती. चार नंबर नव्हती. सकाळी गुलाबी दिसलं ते तेज नव्हतं, सालपट निघायची तयारी होती. मी तुला तकतकीत लिहिलं. तू छापलंस. गुरुवारी फोड आला. आता कोपराच्या वर तळहाताएवढी कातडी गेली आहे. नर्स रोज येऊन पट्टी बदलते. भरून येईल म्हणते. दुखत नाही, म्हणून तर कळलं नाही.

आणि त्यांनी मला सांगितलं होतं. डबी दोनदा ढकलली. त्यांना जाणवत नव्हतं, पण डोळे होते. त्या बघत होत्या. मी त्याला चिडचिड म्हटलं आणि तुला विनोद करून लिहिलं. या घरात एकच परीक्षक शहाणी होती आणि तिची मी गंमत केली.

आता तुझं. तुझं सदर मी दर शुक्रवारी वाचते. 'स्वतःसाठी दिवसातली दहा मिनिटं काढा.' 'स्वतःला जपणं हा तुमचा हक्क आहे.' बरोबर आहे. पण ती दहा मिनिटं कुठून निघतात हे एकदा तरी लिही. कोणाचे तरी हात पाण्यात असतात तेव्हा कोणाचे तरी मऊ राहतात. तुझ्या डब्या कोणाच्या तरी घरात, कोणाच्या तरी न हलणाऱ्या अंगावरून जाऊन तुझ्या पानावर येत होत्या. प्रत्येक पत्राच्या शेवटी 'आईंना नमस्कार'. बाराही महिने! नमस्कारानं कूस बदलत नाही.

गुन्हा माझा आहे. त्यात वाटा तुझा आहे. वाटण्या आपण नंतर करू. बुधवारच्या आधी ती पुस्तिका थांबव.

थोरली


सोमवार, २५ मार्च

जाऊबाई,

हे शनिवारी रात्री घरी आले, पत्र माझ्यासमोर ठेवलं आणि आंघोळीला गेले. तासभर पाणी वाहत होतं.

 ते नोव्हेंबरचं पत्र मी लिहिलं होतं. आठवतं मला. हसत लिहिलं होतं.

आज सकाळी संपादकबाईंपुढे उभी राहिले आणि सगळं सांगितलं. त्यांनी पुस्तिकेचं मुखपृष्ठ पुढे ओढलं. मग म्हणाल्या, मुखपृष्ठ बदलू, चार नंबर काढू, आणि शुक्रवारी खालच्या कोपऱ्यात दोन ओळी टाकू: 'काहींच्या त्वचेला त्रास होऊ शकतो, आधी थोडंसं लावून पाहावं.' मी म्हटलं, आणि तो हात? त्या म्हणाल्या, "कोणाचा हात हे वाचकांना सांगायची काय गरज? तो हात गेला तर सदर गेलं, पुस्तिका गेली, तुम्ही गेलात. दोन ओळींत जे भागतंय त्यासाठी घर का जाळता?"

खरं सांगते, दारापर्यंत येईस्तोवर मला त्या दोन ओळी पटायला लागल्या होत्या. चार नंबर निघते आहे. पुस्तिकेतल्या बाकीच्या वस्तू निरुपद्रवी आहेत. आणि सगळं छापलं तर लोक तुम्हाला काय म्हणतील? आजारी सासूवर मलमं तपासणारी सून. कोणी नोव्हेंबर वाचणार नाही, कोणी तुमचे हात बघणार नाही. ते शब्द तुमच्या दारावर कायमचे चिकटतील. मला ते नको आहे. की मला माझं सदर जायला नको आहे? दिवसभर याचं उत्तर शोधते आहे. 

म्हणून तुम्हालाच विचारते. दोन ओळी, की सगळं? उद्या रात्रीपर्यंत निरोप हवा. कुरियरवाल्याला मी सांगून ठेवलं आहे, तो सकाळी तुमच्या दारात उभा राहील आणि पत्र घेऊनच निघेल.

धाकटी


मंगळवार, २६ मार्च

धाकटे,

कुरियरवाला दारात उभा आहे, पाणी पितो आहे, म्हणून थोडक्यात.

'काहींच्या त्वचेला' नाही. ज्यांना ज्यांना जाणीव आहे त्या सगळ्यांच्या त्वचेला. चालली ती फक्त जिला काही कळत नव्हतं तिला, आणि तिलाही चालली नाही. पोस्टातल्या बाईला आजही वाटत असेल की दोष तिच्या गालाचा आहे. जाऊबाईंना चाललं, मग मलाच का नाही? हा प्रश्न घेऊन ती रोज काचेमागे बसते. तिला दोन ओळींत सोडवता येणार नाही. तेवीस बायका स्वतःच्या कातडीला दोष देत आहेत, आणि तू माझ्या दाराची काळजी करतेस!

लोक बोलतील. बोलू देत. मी केलं ते केलं. पण एक गोष्ट माझ्या हातात नाही. तो हात माझा नव्हता, तेव्हा त्याबद्दल छापायचं की नाही हेही मी ठरवायचं नाही.

म्हणून आज सकाळी आईंना विचारलं. त्यांच्या उशाशी बसून पहिल्यापासून सगळं सांगितलं, नोव्हेंबरपासून फोडापर्यंत. माफी मागितली. त्या छताकडे बघत होत्या. मग दोन कागद त्यांच्यासमोर धरले. एकावर तुमच्या बाईंच्या दोन ओळी, दुसऱ्यावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'तो हात माझा होता.'

दोन ओळींचा कागद डाव्या हातानं फरशीवर गेला.

या वेळी मी त्याला चिडचिड म्हटलं नाही. छाप.

थोरली


शुक्रवार, २९ मार्च

जाऊबाई,

कात्रण सोबत आहे. आज सात नाहीत, एकच आहे. इथे उतरवून काढते, कारण छपाईत शाई फिकी पडली आहे.

'या आठवड्यात मला आवडलेलं काही नाही. तीन आठवड्यांपूर्वी मी तुम्हाला एक डबी रात्रभर लावून ठेवायला सांगितलं. ती पाच मिनिटांत धुवायची होती, हे मला माहीत होतं. ज्या हातावर ती टिकली असं मी लिहिलं, तो हात जाऊबाईंचा नव्हता. तो माझ्या सासूबाईंचा उजवा हात होता, आणि त्या हाताला पंधरा महिने काही जाणवत नाही. तिथे आता जखम आहे. जाऊबाईंचे स्वतःचे हात सासूबाईंची सेवा करून इतके चिरले होते की त्यांना काहीच सोसत नव्हतं. त्यांनी मला तसं लिहिलं होतं. मी त्यांना तक्रार करू नका असं कळवलं, थोड्या गोड शब्दांत. तुमच्यापैकी जिच्या गालाची आग झाली, तिचा गाल खरं बोलत होता. या पानावर खोटं होतं ते माझं लिहिणं. ज्यांना त्रास झाला त्यांनी मला पत्र लिहावं, डॉक्टरकडे मी बरोबर येईन. सासूबाईंनी ती डबी दोनदा ढकलून दिली होती. आमच्यापैकी कोणीही ते वाचलं नाही.'

पुस्तिका थांबली. संपादकबाईंनी हे छापलं, शब्दही बदलला नाही, आणि खाली स्वतःच्या हातानं लिहिलं, 'हे सदर आता बंद होत आहे.' मला वाटतं दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच मनानं केल्या.

पोस्टातल्या बाईकडे काल गेले होते. काचेच्या या बाजूला रांगेत उभी राहिले. माझा नंबर आल्यावर नाव सांगितलं. तिनं माझ्याकडे बघितलं, गालाला हात लावला आणि म्हणाली, "मागे लोक आहेत. पाच वाजता या." पाचला गेले. ती बोलली, मी ऐकलं. सगळं लिहिण्यासारखं नाही, पण उद्या तिच्याबरोबर दवाखान्यात जाणार आहे.

रविवारी येते आहे. एकटी, दोन आठवड्यांसाठी. नंतर दर महिन्याला दोन आठवडे, हे आणि मी ठरवलं आहे. कूस कशी बदलायची ते मला दाखवा. पाण्यात हात मी घालेन. सुरुवातीला माझ्या हातून पाणी सांडेल, चादर वाकडी होईल, आणि तुम्ही बोलाल. बोला.

आईंना नमस्कार सांगू नका. मी येऊन त्यांना काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही.

धाकटी


शनिवार, ३० मार्च

धाकटे,

तू निघायच्या आत हे पोचावं म्हणून कुरियरवाल्याच्या हाती देते आहे. तो आता आमच्याकडे पाणी हक्कानं मागतो.

येताना हातमोजे आण, लांब बाह्यांचे, दोन जोड. एक तुझ्यासाठी. डब्या आणू नकोस. कोरी तर मुळीच नको.

समोरच्या घरातल्या बाईनं काल अंक वाचला. संध्याकाळी दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता सुरू होणार. तिनं माझे हात हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि निघून गेली. ती मला माफ करून गेली की नाही, मला सांगता येणार नाही. विचारलंही नाही.

आईंना कात्रण वाचून दाखवलं, आज दुपारी, जेवण झाल्यावर. दोनदा. वाचून झालं तेव्हा डावा हात पुढे आला. मला वाटलं, हेही जाणार फरशीवर. त्यांनी कागद हातातून घेतला. मग उशीखाली चाचपडल्या, ती तुझी सात नंबरची सुगंधी पुडी काढली, खाली टाकली, आणि तिच्या जागी कात्रण ठेवलं.

थोड्या वेळानं बघितलं तर झोपल्या होत्या. मी खुर्चीत बसले होते. जाग आली तेव्हा पाच वाजले होते. भर दुपारी तीन तास, तेही खुर्चीत! पंधरा महिन्यांत असं झालं नव्हतं.

सात नंबरवाल्यांना कळव. पुडी फरशीवर होती.

थोरली